मुरूम-खडीचा ऑनलाईन पास: काही महिन्यांच्या वापरानंतर

मुरूम, डबर, खडी उचलणाऱ्यांसाठी महाखनिज या राज्य सरकारच्या ऑनलाईन परवाना-पास प्रणालीचा निकाल आधी सांगतो. पैसे भरणं सोपं झालं, खेपेचा पास काही मिनिटांत निघतो. परवान्याची मंजुरी मात्र आजही कागद तपासणाऱ्या माणसांच्या गतीनंच होते. खरा फरक मापात पडलाय. पूर्वीच्या छापील पुस्तकातल्या पासावर ब्रासचा, म्हणजे मालाच्या मापाचा, आकडा अंदाजानं लिहिला जायचा, तारीख कोरी राहायची, एकाच पासावर दोन-तीन खेपा व्हायच्या. आता प्रत्येक खेप रॉयल्टी भरलेल्या ब्रासच्या शिलकीतून वजा होते. चुकीचा आकडा पडला की तो निस्तरायला कार्यालय गाठावं लागतं. तरीही ही पद्धत पुस्तकापेक्षा चांगली आहे, कारण रीतसर रॉयल्टी भरणाऱ्याचा माल आता चोरीच्या मालापासून वेगळा ओळखू येतो.

तात्पुरत्या परवान्याचा अर्ज भरताना घाई नको. गट नंबर सातबारावर आहे तसाच, पोटहिश्श्यासह टाका. जागा दुसऱ्याची असेल तर सगळ्या सहहिस्सेदारांची संमती लागते; एक नाव राहिलं की अर्ज तिथंच अडतो. खणीचा नकाशा आणि पर्यावरण अनुमतीचा कागद वाचता येईल असा स्कॅन करा. मोबाईलवर तिरका काढलेला फोटो हे अर्ज परत येण्याचं नेहमीचं कारण आहे. रस्त्याच्या कामासाठी माती-मुरूम उचलणाऱ्यांनी एक गोष्ट विशेष लक्षात ठेवावी: अशा कामांना 2020 मध्ये पर्यावरण अनुमतीतून दिलेली सरसकट सूट सर्वोच्च न्यायालयानं 21 मार्च 2024 रोजी रद्द केली. जुन्या कामाची फाईल पुढे ठेवून नवा अर्ज भरला तर इथंच फसायला होतं. पुढे तलाठी आणि मंडळ अधिकाऱ्यांचा अहवाल, आणि परिमाणाप्रमाणे तहसील, प्रांत किंवा जिल्हाधिकारी कार्यालय.

मंजुरीनंतर भरणा. दगड-मुरुमाची रॉयल्टी 2021 पासून ब्रासला 600 रुपये आहे, त्याआधी 400 होती. त्यावर 10 टक्के जिल्हा खनिज प्रतिष्ठानचे, म्हणजे खाणबाधित भागासाठीच्या निधीचे. म्हणजे 200 ब्राससाठी 1,20,000 अधिक 12,000. अर्जाची फी आणि इतर आकारणी वेगळी. रॉयल्टी ग्रास या सरकारी ऑनलाईन भरणा प्रणालीच्या चलनानं कोषागारात जाते आणि प्रतिष्ठानची रक्कम जिल्ह्याच्या वेगळ्या निधीत. एक भरली आणि दुसरी राहिली, असं सर्रास होतं. खात्यातून पैसे गेले पण चलन पूर्ण दिसत नसेल तर लगेच दुसऱ्यांदा भरू नका. चलनावरचा जीआरएन (सरकारी संदर्भ क्रमांक) टाकून स्थिती बघा. बँकेकडून नोंद यायला वेळ लागतो, मार्चअखेरीस जास्तच. दोनदा भरलेली रक्कम परत मिळवणं हे नव्या परवान्याइतकंच लांबचं काम आहे.

आता मापाचं. एक ब्रास म्हणजे 100 घनफूट, 2.83 घनमीटर. पण खणीतला घट्ट मुरूम सुटला की फुगतो, साधारण 20 ते 30 टक्के. 200 ब्रासचा खड्डा काढला तर गाड्यांत 240 ते 260 ब्रास भरतात. पास गाडीतल्या सुट्या मालाचा निघतो, खणीची ईटीएस (इलेक्ट्रॉनिक यंत्रानं) मोजणी होते ती खड्ड्याची, आणि रस्त्याच्या बिलात माप येतं दाबून बसवलेल्या थराचं. एकाच मुरुमाची ही तीन मापं आहेत आणि ती कधीच जुळत नाहीत. म्हणून परवान्याचं परिमाण ठरवताना बिलातल्या थरापासून उलटं मोजत या: दाबलेला थर, त्याला लागणारा सुटा माल, त्याच्या खेपा. नुसता थराचा आकडा अर्जात टाकला तर काम निम्म्याच्या पुढे गेल्यावर शिलक संपते आणि पाऊस तोंडावर असताना पुन्हा अर्ज करायची वेळ येते.

गाडीच्या क्षमतेचंही तसंच. 200 ब्रास, 3 ब्रासची गाडी, म्हणजे 67 खेपा. पास काढणाऱ्या पोरानं सवयीनं दर खेपेला 4 टाकले तर 50 खेपांत शिलक शून्य आणि कामावर माल पोचला 150 ब्रास. उलटी चूक जास्त महागात जाते. पास 3 चा आणि हौदात 4 असतील तर वरचा एक ब्रास विनापरवाना धरला जातो. त्यात वजनकाटा वेगळी भाषा बोलतो. सुटी खडी ब्रासला सव्वाचार ते साडेचार टन भरते. दहा चाकी टिपर रिकामा साधारण 12 टनांचा आणि मालासह मर्यादा 28 टनांच्या आसपास, म्हणजे कायद्यात बसतो तो माल साडेतीन-पावणेचार ब्रास. पासावर 4 लिहून रॉयल्टीचा प्रश्न मिटतो, ओव्हरलोडचा उभा राहतो.

कोल्हापूर जिल्ह्यातल्या शाहूवाडी, पन्हाळा भागातल्या जांभ्याला आणखी एक पायरी आहे. चिरे विकले जातात नगावर आणि हिशेब लागतो घनमापाचा. 15 × 9 × 7 इंचांचा चिरा धरला तर 100 घनफुटांत साधारण 183 बसतात. आपल्या खणीतल्या चिऱ्याचं माप एकदा मोजून हा आकडा काढा आणि पास काढायच्या टेबलावर चिकटवून ठेवा. जांभ्याचा दरही वेगळा आहे, 600 चं गणित तिथं लावू नका.

सगळ्यात जास्त खोळंबा होतो गाडीवरच्या जीपीएस यंत्रामुळे. यंत्र सुरू नसेल तर त्या गाडीचा पास निघत नाही. यंत्र बिघडणं त्यामानानं कमीच, जोडणी किंवा सिम हे खरं कारण असतं. वायर किल्लीच्या लाईनवर जोडली तर गाडी बंद झाली की यंत्र फक्त आतल्या छोट्या बॅटरीवर राहतं आणि रात्रीत झोपतं. जोडणी थेट बॅटरीवर, मध्ये फ्यूज टाकून घ्या. ज्या गाड्यांचा बॅटरीचा कट-ऑफ स्विच रात्री बंद करतात, त्या सकाळी पास काढायच्या आधी दहा मिनिटं चालू करून उघड्यावर उभ्या करा. खोल खणीत उंच दरडीखाली आभाळ कमी दिसतं, ठिकाण लवकर पकडत नाही. सिमच्या रिचार्जची तारीख विम्याच्या तारखेशेजारी लिहून ठेवा.

पासाला अंतरानुसार वेळेची मुदत असते आणि पास एकाच खेपेचा. इथं कोल्हापूरचे रस्ते आडवे येतात. ऊस हंगामात कारखान्याच्या वाटेवर ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची रांग लागते. पावसाळ्यात केर्लीला पाणी आलं की रत्नागिरीचा रस्ता बंद, आणि वळसा घेतला की पासावरचं अंतर आणि वेळ दोन्ही खोटं ठरतं. म्हणून पास गाडी भरून झाल्यावर, निघायच्या क्षणी काढा. भरायच्या आधी काढून ठेवायची जुन्या पुस्तकाची सवय सोडा. वाटेत गाडीचा पाटा (स्प्रिंग) तुटला तर ठिकाण दिसेल असा फोटो आणि मेकॅनिकची पावती लगेच जपून ठेवा. बिघडलेल्या गाडीची मुदत चालकाच्या मोबाईलवरून वाढवायची सोपी सोय हवी, ही आमची मागणी आहे. मुदत संपलेला पास म्हणजे पास नाही, असंच रस्त्यावर मानलं जातं. 2018 पासूनच्या नियमांत ट्रॅक्टर-ट्रॉलीला 1 लाख, डंपरला 2 लाख आणि पोकलेनसारख्या यंत्राला साडेसात लाखांचा दंड आहे. मालाच्या बाजारभावाच्या पाचपटीपर्यंतचा दंड वेगळा.

गगनबावड्याच्या बाजूला रेंज जाते. पासाची पीडीएफ चालकाच्या फोनमध्ये उतरवून द्या, एक छापील प्रतही प्लॅस्टिकच्या पाकिटात ठेवा. ओल्या कागदावरचा क्यूआर कोड वाचला जात नाही.

कंत्राटदारांसाठी पासाची खरी किंमत बिलाच्या दिवशी कळते. पास जोडले नाहीत तर बिलातून रॉयल्टी कापून घेतली जाते, म्हणजे खडीच्या भावात एकदा दिलेली रॉयल्टी दुसऱ्यांदा जाते. क्रशरवाल्याला गाडी भरायच्या आधीच कामाचं नाव आणि पोच ठिकाण कार्यारंभ आदेशात आहे तसंच लिहून पाठवा. ‘कोल्हापूर’ एवढंच लिहिलेला पास करवीर तालुक्यातल्या वाडीच्या रस्त्याला लावायला गेलात की प्रश्न येणारच. पास आठवड्याला गोळा करा. काम संपल्यावर क्रशरच्या मागे लागून जुने पास मिळवणं जिवावर येतं.

कागलच्या पलीकडून, कर्नाटकातल्या निपाणी बाजूनं माल आणत असाल तर तिकडचा पास आहे म्हणून निर्धास्त राहू नका. हद्दीच्या अलीकडे त्याच मालाला महाखनिजवरचा शून्य रॉयल्टी पास (परराज्यातून आलेल्या मालाचा) लागतो. खडीचा भाव ठरवतानाच तो कोण काढणार, हे क्रशरवाल्याकडून पक्कं करून घ्या.