बारमाही कॅम्परच्या नावाखाली आमच्या तोंडाला पानं पुसली ती अशी

जुनी डिलिव्हरी व्हॅन घेऊन तिचं चालतं-फिरतं घर करून देणारे लोक आता आपल्या भागातही आहेत. सगळेच लबाड नाहीत. आम्हाला भेटला तो मात्र होता. त्याने जे केलं ते सगळं प्लायच्या आड केलं, म्हणून कित्येक महिने आम्हाला त्याचा पत्ता लागला नाही. कोणी असं काम करून घेण्याच्या विचारात असेल तर आगाऊ रक्कम देण्याआधी हे वाचावं.

वरूड तालुक्यात आमचा संत्र्याचा बगीचा आहे. मी जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झाले. यांचं प्रोस्टेटचं ऑपरेशन झाल्यापासून रात्री बाथरूम हाताशी लागतं, त्यामुळे लॉज, धर्मशाळा, पाहुण्यांकडे मुक्काम हे सगळं बंद पडलं होतं. तोडीच्या दिवसांत बगीच्यात राहता यावं, शेगावला जाता यावं, कधी चिखलदरा, कधी ताडोबाकडे दोन दिवस, एवढीच अपेक्षा. एका कुरियरवाल्याची फोर्स ट्रॅव्हलरची डिलिव्हरी व्हॅन बऱ्या किमतीत मिळाली. इंजिन चांगलं होतं, आजही चांगलंच आहे. तक्रार गाडीची नाही.

आपल्याकडचं हवामान माहीत असलेल्याला सांगायला नको. नागपुरात २३ मे २०१३ ला पारा ४७.९ वर गेला होता आणि त्याच नागपुरात २९ डिसेंबर २०१८ ला ३.५ पर्यंत उतरला होता. मध्ये पावसाळा. पत्र्याच्या डब्यात या तिन्हीत झोपायचं तर भिंती आणि छतात काय भरलंय यावरच सगळा खेळ असतो. वर्कशॉपवाल्याला हे आम्ही पहिल्याच भेटीत सांगितलं. त्याचं उत्तर मला शब्दन्‌शब्द आठवतं. "मॅडम, तुमी कायले टेन्शन घेता? उनायात आत बसान तर स्वेटर घाला लागन. फोर सीझन पॅकेज हाय आपलं."

पॅकेज चार लाख ऐंशी हजारांचं. कोटेशन एका पानाचं, रंगीत, वर गाडीचं चित्र. ते पान माझ्यासमोर आहे. "इन्सुलेशन: प्रीमियम". "बॅटरी: लिथियम २०० एएच". "प्लाय: मरीन". "आरटीओ: आमच्याकडे". (एएच म्हणजे अँपिअर-तास, बॅटरीत किती वीज मावते त्याचं माप.) जाडी किती, कंपनी कोणती, गॅरंटी कशाची, काही नाही. मी जाडी विचारली तर तो यांच्याकडे वळून म्हणाला, "काकांले समजलं ना? बस झालं." साठ टक्के आगाऊ, सामान घ्यायचं म्हणून. पक्कं बिल मागितलं तर "जीएसटी कायले भरता, कच्च्यावरच करू". आम्ही पैसे बँकेतून पाठवले, नगदी दिले नाहीत, आणि आज आमच्या हातात जो काही पुरावा आहे तो त्या बँकेच्या नोंदींचाच.

काम चालू असताना वर्कशॉपमध्ये जायला तो कायम टाळायचा. आज वेल्डिंग चालू आहे, आज रंगाचा वास आहे, आज कारागीर गावाला गेला. गेलो तेव्हा भिंती बंद. दिवाळीच्या सुमारास गाडी मिळाली. आतून देखणी, यात शंका नाही. लाकडी रंगाचे पॅनल, छतात निळे दिवे, ओढून काढायचा पलंग, छोटं सिंक. शेजारपाजारचे बघायला आले. वरून कीर्तन, आतून तमाशा.

डिसेंबरात चिखलदऱ्याला गेलो. साधारण ११०० मीटर उंची, रात्री बोचरी थंडी. पहाटे यांच्या कपाळावर पाण्याचे थेंब पडले. छताला हात लावला तर ओला. श्वासातली वाफ थंड पत्र्याला लागून पाणी होते, हे मी सातवीच्या मुलांना शिकवलेलं आहे, त्यामुळे कारण लगेच कळलं. वाफ पत्र्यापर्यंत पोचतेय म्हणजे मध्ये काहीच नाही. फोन केला तर म्हणाला, खिडकी बंद ठेवली असेल. अर्धसत्य बोलण्यात हा माणूस पटाईत. झोपताना थोडी हवा खेळती ठेवावी लागते हे खरंच आहे. पण खिडकी उघडून झोपायचं तर इन्सुलेशनचे पैसे कशाला घेतले? एप्रिलमध्ये उलट गत. दुपारी बगीच्यात झाडाखाली गाडी उभी असूनही आत पाय ठेववेना, आणि रात्री अकराला बाहेर गार वारा सुटल्यावरही आतल्या भिंती गरमच.

शेवटी गावातल्या सुताराला बोलावलं. त्याने मागच्या दाराजवळचं एक पॅनल सोडवलं. आत थर्माकोल होता. शीट नव्हे, टीव्हीच्या खोक्यातले कोपरे. टीव्हीचा काठ बसायची खाच जशीच्या तशी, आणि एकावर बाण काढून "वरची बाजू" दाखवणारी खूण. दोन तुकड्यांच्या मध्ये हात जाईल एवढी फट. खाली तंबाखूच्या खर्ऱ्याची रिकामी पन्नी. कारागिराने निदान तोंड तरी भरलं होतं. वर छताचा पॅनल काढला तिथे नुसता पत्रा आणि लोखंडी पट्ट्या, त्यावर तांबूस गंज चढायला लागलेला. उन्हाची बरीचशी झळ छतातून येते, आणि नेमकं तिथेच काही नाही, कारण छतात काम करायला हात वर धरून राबावं लागतं.

खरं काम कसं असतं ते नंतर नागपुरातल्या एका एसी डक्टचं काम करणाऱ्याने समजावलं. मोठ्या इमारतीत एसीच्या पाइपांना काळी रबरासारखी शीट लावलेली असते ती नायट्राइल रबर. ती १९ किंवा २५ मिलिमीटरची घेऊन, पत्रा स्वच्छ पुसून, मागे हवा न राहू देता चिकटवायची. तिच्या आत बंद छिद्रं असतात, म्हणून वाफ पत्र्यापर्यंत जात नाही. फक्त सपाट पत्र्यावर लावून भागत नाही. गाडीच्या आडव्या-उभ्या लोखंडी पट्ट्यांवरही लावावी लागते, नाहीतर उष्णता त्या पट्ट्यांवाटे आत येते आणि थंडीत पाणी नेमकं तिथेच धरतं. थर्माकोल मुळात टाकाऊ नाही, पण नीट कापून, फटी बुजवून बसवला तर. नुसता कोंबलेला थर्माकोल चालत्या गाडीत कुरकुरतो. आमच्या गाडीत तो आवाज पहिल्यापासून होता आणि आम्हाला वाटायचं, नवं फर्निचर आहे, बसेल हळूहळू.

आता बॅटरी. पलंगाखाली पत्र्याच्या रंगवलेल्या पेटीत, चारी बाजूंनी रिव्हेट मारून बंद. वर छापील स्टिकर: लिथियम, २०० एएच. गावातला वायरमन पोरगा हुशार. तो म्हणाला, "काकू, पेटी उघडाची गरज नाई, तोलून पाहू." संत्री मोजायच्या काट्यावर ठेवली, पेटीसकट साठ किलोच्या वर. अशा गाड्यांत वापरतात ती लिथियम आयर्न फॉस्फेट प्रकारची १२ व्होल्टची २०० एएच बॅटरी साधारण पंचवीस किलोच्या आत-बाहेर असते. मग रिव्हेट तोडले. आत घरच्या इन्व्हर्टरची शिशाची ट्युब्युलर बॅटरी, १५० एएच, तीही जुनी, टर्मिनलवर पांढरा क्षार जमलेला. नंतर कळलं की मल्टीमीटर असला तर तोलायचीही गरज नाही. पूर्ण चार्ज करून, काही तास काही न जोडता ठेवली तर लिथियम आयर्न फॉस्फेट तेरा व्होल्टच्या वर राहते, सव्वातेरा-साडेतेरापर्यंत. शिशाची बॅटरी पावणेतेराच्या आसपास येते.

पैशापुरतंच असतं तर मी एवढी चिडले नसते. शिशाची बॅटरी चार्ज होताना हायड्रोजन सोडते. त्या पेटीला एक भोक नव्हतं, आणि वर आम्ही दोघं झोपत होतो. वायरिंगमध्ये बॅटरीजवळ फ्यूज नाही. गॅसच्या शेगडीजवळ जमिनीलगत जाळी नाही. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, गळला तर खाली साचतो, म्हणून बाहेर जायची वाट तळाशीच हवी. त्याने हवा जायचा पंखा छतात बसवला होता.

आणि "रातभर एसी चालते" हे आश्वासन तर त्याने खरी लिथियम दिली असती तरी खोटंच होतं. १२.८ व्होल्ट गुणिले २०० म्हणजे २५६० वॉट-तास. लहान एसी आठशे वॉट ओढतो. इन्व्हर्टरमधली गळती धरली तर तीन तासांच्या आतच खेळ खलास. आमच्या जुन्या शिशाच्या बॅटरीतून निम्मंच काढायचं असतं, नाहीतर ती लवकर मरते. म्हणजे तासभर, तोही नवी असती तर. कोणी एसीची रात्र विकत असेल तर त्याच्यासमोर हा गुणाकार करा. उन्हाळ्यात आता आम्ही छतावर ताडपत्री ताणून दोन बोटं हवा खेळती ठेवतो आणि १२ व्होल्टचा पंखा लावतो. त्याने बराच फरक पडतो.

प्लायचं थोडक्यात. मरीन, म्हणजे पाण्यात टिकणाऱ्या, प्लायवर आयएस ७१० असा शिक्का असतो, साध्या प्लायवर आयएस ३०३. आमच्या पॅनलच्या मागच्या बाजूला शिक्काच घासून काढलेला. मी एक तुकडा कुकरमध्ये घालून शिट्ट्या काढल्या. मरीन प्लायची कसोटी ७२ तास उकळायची आहे. आमचा तुकडा जेवणाच्या आत पापुद्रे सोडून मोकळा झाला. पावसाळ्यात छताच्या पंख्याभोवतीचं सिलिकॉन सुटून त्याच प्लायवर पाणी गळलं, त्याबद्दल वेगळं काय लिहायचं.

सगळ्यात घातक भाग कागदांचा निघाला. आरटीओच्या नावाखाली त्याने वेगळे पस्तीस हजार घेतले आणि प्लास्टिकच्या पाकिटात एक कागद दिला, शिक्का मारलेला. भाच्याने एमपरिवहन या सरकारी ॲपवर नंबर टाकला तर गाडी अजूनही मालवाहूच. म्हणजे मागे माणसं बसवणंच बेकायदा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे आरसीवरच्या तपशिलात फरक पडेल असा बदल मनाने करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये कंपनीच्या मूळ रचनेत फेरफार करण्याबाबत कडक निकाल दिलेला आहे. कलम १८२अ खाली दंड बसतो तो मालकाला, प्रत्येक बदलामागे पाच हजार, कैदेचीही तरतूद आहे. वर्कशॉपवाला नामानिराळा. अपघात झाला असता तर विमा कंपनीनेही हात वर केले असते. मोटर कॅराव्हॅनसाठी, म्हणजे अशा राहण्याच्या गाडीसाठी, एआयएस-१२४ नावाचं वेगळं मानक आहे, हे मला अमरावतीच्या आरटीओ कार्यालयात एका कारकुनानेच सांगितलं. तो भला माणूस होता. म्हणाला, "मॅडम, गाडी कापायच्या आधी येऊन लेखी विचारत जा. कापल्यावर सगळे येतात."

वर्कशॉपवाल्याला फोटो पाठवले. आधी "कारागिराची गलती", मग "तुमीच बॅटरी बदलली असन", मग फोन उचलणं बंद. पोलीस ठाण्यात पहिल्यांदा हा दिवाणी मामला आहे म्हणून परत पाठवलं. बनावट शिक्क्याचा कागद दाखवल्यावर अर्ज घेतला. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, तिला त्याने उत्तर दिलं नाही. मग वकिलाची नोटीस, आणि नंतर जिल्हा ग्राहक आयोग. २०१९ च्या कायद्यामुळे आपण जिथे राहतो तिथल्या आयोगात दाद मागता येते, त्यामुळे त्याच्या शहरात खेटे घालावे लागले नाहीत. दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर फी नाही. मुदत दोन वर्षांची, म्हणून "पाहू, करून देतो" म्हणत तो दिवस काढत असेल तर पंचांगावर लक्ष ठेवा. वकिलांनी एक गोष्ट बजावून सांगितली. काढलेला थर्माकोल, बॅटरीची पेटी, प्लायचे तुकडे, काहीही फेकायचं नाही, आणि दुरुस्तीआधी सर्व्हेअरचा लेखी अहवाल घ्यायचा. ते सगळं आज आमच्या संत्र्याच्या गोदामात पोत्यांत बांधून ठेवलं आहे. केस चालू आहे. पैसे परत मिळालेले नाहीत.

गाडी सध्या बगीच्यातच उभी असते, रस्त्यावर काढत नाही. आतलं काम त्याच गावच्या सुताराकडून आणि वायरमनकडून नव्याने करून घेतोय. यावेळी कागदावर चार हप्ते लिहिले: पत्रा उघडा असताना, इन्सुलेशन लागल्यावर, वायर ओढून झाल्यावर, आणि शेवटचा पॅनल लागून गाडीवर पाण्याचा पाइप सोडून झाल्यावर. प्रत्येक टप्प्यावर मी टेप घेऊन आत जाते, फोटो काढते, मग पैसे. सुताराला आधी राग आला होता. आता तोच हाक मारतो, "बाई, या, पाहून घ्या, झाकतो आता."

तो वर्कशॉपवाला मधल्या काळात दुसऱ्या नावाने जाहिरात करू लागला आहे. मोबाइलवर फिरणाऱ्या त्या जाहिरातीत "आमचं नुकतंच पूर्ण झालेलं काम" म्हणून जी गाडी दिसते ती आमची आहे. खिडक्यांना निळ्या फुलांचे पडदे दिसतील, ते माझ्या बहिणीने शिवलेत, आणि डावीकडचा बोटभर आखूड आहे.