१४ फुटी पीव्हीसी राफ्ट: कुंडलिकेवर दहा महिने वापरल्यावर

कुंडलिका नदीवर आमचा घरचा राफ्टिंगचा धंदा आहे, म्हणजे पाहुण्यांना हवेने फुगवलेल्या बोटीतून खळाळत्या पाण्यात फिरवायचं. दसऱ्याला हार घालून, नारळ फोडून ही नवी बोट पाण्यात उतरवली. आता गौरी-गणपती तोंडावर आलेत, म्हणजे दहा महिने होत आले. घेण्याआधी मी भरपूर शोधाशोध केली होती, पण वाचायला मिळालं ते सगळं परदेशातल्या थंड नद्यांवरचं. भिरा-कोलाडच्या उन्हात, आठवड्याचे सहा दिवस, वाळूने भरलेल्या सँडल घालून बसणाऱ्या पाहुण्यांच्या पायाखाली बोट किती टिकते, हे कुणी लिहिलेलं नव्हतं. म्हणून हा खटाटोप. कंपनीचं नाव मात्र घेणार नाही. वॉरंटीवरून आमचं थोडं वाजलंय आणि ते प्रकरण अजून मिटलेलं नाही.

बोट साधी आहे. चौदा फूट लांब, पीव्हीसीची, बाहेरच्या ट्यूबला चार कप्पे, मध्ये दोन आडव्या ट्यूब, आणि तळ सेल्फ-बेलिंग. आठ पाहुणे आणि मागे एक गाइड असं आम्ही बसवतो. सेल्फ-बेलिंग म्हणजे काय, हे ज्यांनी जुनी बोट पाहिलेली नाही त्यांना सांगायला हवं. तळ हवेने फुगवलेला असतो, त्यामुळे तो पाण्याच्या पातळीच्या वर राहतो. तो ट्यूबला चिकटवलेला नसतो, कडेने दोरीने ओवलेला असतो. रॅपिडमध्ये, म्हणजे नदीच्या खळाळत्या टप्प्यात, आत आलेलं पाणी त्या फटींतून आपोआप बाहेर जातं.

आमची पहिली बोट तशी नव्हती. नाना आणि काका आधी बाहेरून आलेल्या लोकांच्या बोटी काठापर्यंत वाहून द्यायचे, मग त्यांच्यातच गाइडगिरी शिकले. त्यानंतर दोघांनी ऋषिकेशहून कुणाचीतरी वापरलेली बोट उचलली. ती बादलीवाली होती. सपाट तळ, पाणी आलं की आतच. मोठी लाट अंगावर आली की बोट म्हशीसारखी जड व्हायची, वळवू म्हटलं तरी वळायची नाही, आणि पुढच्या रॅपिडच्या आत उपसून झालं नाही तर देवाचं नाव घ्यायचं. उपसायचं काम पाहुण्यांकडे. काका म्हणायचे, "पैसे देऊन पाणी उपसायला येतात, आणि जाताना थँक्यू म्हणतात."

त्या बोटीवर आमचं घर उभं राहिलं, ताईचं लग्न झालं, धाकटा गोव्याच्या राष्ट्रीय जलक्रीडा संस्थेत जीवरक्षकाचं शिक्षण घेऊन आला. त्यामुळे नवीन बोटीला आमच्याकडे सासुरवास होणार हे ठरलेलंच होतं. नानांनी पहिल्या दिवशी तिला बोटाने टिचकी मारली आणि म्हणाले, "प्लास्टिक आहे."

खरंय ते. जुनी हायपॅलॉनची होती. हायपॅलॉन म्हणजे एक प्रकारचं रबर, ऊन-पाणी सोसणारं. ड्यूपाँ कंपनीने ते २०१० मध्ये बनवायचं बंद केलं. आता त्याच जातीचं रबर दुसरे कारखाने बनवतात आणि लोक सवयीने हायपॅलॉनच म्हणतात. तसली नवी बोट बाहेरून मागवायची तर आमच्या बजेटच्या दुपटीहून जास्त जात होती. बँकेचं कर्ज आधीच जीपवर आहे. तेव्हा पीव्हीसी.

पाण्यातल्या वागणुकीबद्दल तक्रार नाही, उलट कौतुकच आहे. पीव्हीसी कडक असल्यामुळे बोट लाटेत वाकत नाही, सरळ घुसते. मॉर्निंग हेडेक नावाच्या रॅपिडमध्ये जुनी बोट मधोमध दुमडायची आणि पुढचे दोघे मागच्यांच्या मांडीवर यायचे, ते बंद झालं. वळायला इतकी हलकी की नवे गाइड सुरुवातीला जास्तच वळवत होते. दगडावरून घसरतेही चांगली, कारण पीव्हीसी रबरासारखं दगडाला धरून बसत नाही.

आता उन्हाबद्दल, कारण खरी परीक्षा तीच आहे. कुंडलिकेवरचा आमचा धंदा भिऱ्याच्या वीजघरावर चालतो. मुळशीच्या धरणाचं पाणी बोगद्यातून आणि नळांतून सुमारे पाचशे मीटर खाली येतं, वीज करतं आणि मग सकाळी नदीत सुटतं. ते सुटलं की आम्ही. विजेची गरज कमी असेल तर पाणी उशिरा, आणि तोवर बोटी साजे गावाच्या काठावर उन्हात. भिऱ्याचं ऊन म्हणजे काय, तर २०१७ च्या मार्चमध्ये इथे ४६.५ अंशांची नोंद झाली होती आणि टीव्हीवाले आमचं गाव शोधत आले होते.

ट्यूबमध्ये दाब ठेवायचा अडीच पीएसआय (हवेचा दाब मोजायचं एकक). गाडीच्या टायरला तीसच्या आसपास असतो, म्हणजे हा आकडा किती नाजूक ते बघा. काठावर तापलेल्या बोटीत गेज अडीच दाखवतं, आपण खूश. मग ती धरणाच्या गार पाण्यात ढकलली की आतली हवा आक्रसते. बंद डब्याचा हिशोब धरला तर नुसत्या पंचवीस अंशांच्या फरकाने अडीचचा सव्वा होतो. म्हणजे घट्ट भरलेली बोट दहा मिनिटांत पोळीच्या कणकेसारखी मऊ. हे जुन्या बोटीलाही व्हायचं, पण रबर थोडं ताणून सांभाळून घ्यायचं. पीव्हीसी ताणत नाही. ते घट्ट असतं तेव्हा एकदम घट्ट आणि सैल पडलं की एकदम ढिलं.

त्यामुळे आमची पद्धत बदलली. आधी ब्लोअरने नुसता आकार येईपर्यंत भरतो, बोट पाण्यात ठेवतो, पाहुण्यांना पॅडल धरायला आणि "फॉरवर्ड", "गेट डाउन" शिकवून होईपर्यंत ती भिजते, मग हातपंपाने वरची हवा. परत येताना उलटं. खाली बोट काढली की आधी प्रत्येक व्हॉल्व्हमधून थोडी हवा सोडायची, मगच जेवायला जायचं. तळाला जादा दाब आपोआप सोडणारा व्हॉल्व्ह आहे, बाजूच्या ट्यूबना नाही. एप्रिलमध्ये एका नव्या पोराने हवा न सोडता बोट रेतीवर ठेवली आणि चहाला गेला. तासाभराने आम्ही आलो तर ट्यूब टरारून नगाऱ्यासारख्या वाजत होत्या. फाटली नाही. याचे मी कंपनीला पूर्ण गुण देतो. बाहेरचे जोड वेल्डिंगचे आहेत आणि एकही उसवलेला नाही.

उसवलं ते आतलं. आडव्या ट्यूब वेल्ड केलेल्या नाहीत, गोंदाने चिकटवल्यात. मार्चच्या शेवटी पुढच्या ट्यूबचा डावा जोड अंगठाभर सुटला, आठवड्यात वीतभर. पाहुणे त्याच ट्यूबखाली पाय अडकवून बसतात, म्हणजे सगळा हिसका तिथेच. कंपनीला फोटो पाठवले. उत्तर आलं की व्यावसायिक वापर वॉरंटीत बसत नाही. आता मला सांगा, आठ माणसं बसवायची चौदा फुटी राफ्ट घरगुती वापराला कोण घेतं? तळ्यात मोदक सोडायला? बिलावर आमच्या धंद्याचं नाव आणि जीएसटी नंबर त्यांनीच छापलाय.

मग घरीच दुरुस्ती. इथे नानांची पंधरा वर्षांची विद्या आणि पीव्हीसी यांची जुंपली. त्यांनी सवयीप्रमाणे जागा पॉलिश पेपरने खरखरीत केली, टोल्युइन नावाच्या रसायनाने पुसली, हायपॅलॉनचा गोंद लावला आणि वर विटा ठेवल्या. तिसऱ्या दिवशी तो जोड वहीवरच्या स्टिकरसारखा सोलून निघाला. हायपॅलॉनचा गोंद पीव्हीसीला चालत नाही, पीव्हीसीला युरेथेनचा दोन भागांचा गोंद लागतो. घासायचीही गरज नाही. एमईके नावाचं सॉल्व्हंट मिळतं, त्याने पुसलं की पृष्ठभाग किंचित चिकट होतो, तेवढ्यात पातळ थर द्यायचा, वाळू द्यायचा, पुन्हा एक थर, आणि हीट गनने गरम करून दाबायचं. खिडक्या उघड्या ठेवून, मास्क लावून. मी हे शिकून घेतलं आणि नानांना दाखवलं. त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं आणि मग म्हणाले, "गोंद बदलला, विटा त्याच ठेव." विटा त्याच ठेवल्या. तो जोड एप्रिलपासून आजवर हललेला नाही.

एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा, कोकणात तर नक्कीच. हे काम मेअखेरपर्यंत उरकायचं. हवेत ओल असली की गोंदावर दमट पापुद्रा धरतो आणि वरून पक्का वाटणारा जोड आतून कच्चा राहतो. जुलैत दुसऱ्या बाजूला पॅच मारला तो याच कारणाने दोनदा करावा लागला. दुसऱ्यांदा बोट स्वयंपाकघराच्या पडवीत आणली, चुलीजवळ. आई चार दिवस बोलली नाही.

बाकीचं पटकन सांगतो. दोऱ्या बांधायच्या कड्या, म्हणजे डी-रिंग, चांगल्या, एकही निघालेली नाही. सोबत आलेला पंप खेळण्यातला, पहिल्याच दिवशी बाजूला ठेवला. तळाच्या व्हॉल्व्हमध्ये रेती जाते आणि रात्रीतून तळ बसतो. व्हॉल्व्ह उघडून गोड्या पाण्याने धुतला की पूर्ववत. पाय अडकवायचे कप पुढच्या रांगेलाच दिलेत, आणि तेही आपल्याकडच्या मोठ्या सँडलला घट्ट. घट्ट कप धोक्याचा. बोट उलटली तर पाय सटकन सुटला पाहिजे. आम्ही ते काढूनच टाकले. रंगाचा तकवा गेलाय, केशरी होती ती आता पिकल्या पपईसारखी दिसते, पण कापड अजून कडक झालेलं नाही. वजन साठ-पासष्ट किलो भरतं, चार जण आरामात उचलतात, पाणी नीट निथळलं नसेल तर सहा लागतात.

फेऱ्यांची नोंद माझ्याकडे आहे, कारण २०२१ मध्ये राज्याचं साहसी पर्यटन धोरण आलं तेव्हापासून नोंदणीच्या निमित्ताने मी साहित्याची वही ठेवतो. दुसऱ्या पानावर या बोटीचं खातं आहे: २१२ फेऱ्या, तीन पॅच, एक मोठा जोड, पूर आला म्हणून बंद ठेवलेले एकोणीस दिवस. नाना ही वही वाचत नाहीत, पण कुणी इन्शुरन्सवाला आला की आधी तीच पुढे करतात.

आजीचा एक शेरा लिहायचा राहिला. तिच्या वडिलांचं गाव मुळशीच्या पाण्याखाली गेलं. १९२१ च्या रामनवमीला धरणाविरुद्ध सत्याग्रह सुरू झाला तेव्हा ते लहान होते, सेनापती बापटांना पाहिल्याचं सांगायचे. धरण व्हायचं ते झालंच, १९२७ मध्ये भिऱ्याला वीज तयार व्हायला लागली. मुळा नदीचं पाणी, जे भीमेतून कृष्णेत आणि तिथून बंगालच्या उपसागराला जायचं, ते घाट उतरून आमच्या दारात आलं. आजी उन्हाळ्यातल्या कुंडलिकेला नदी म्हणतच नाही. सकाळी विचारते, "आमचं पाणी सुटलं का?" या बोटीत ती एकदाच बसली, काठावर, ट्यूबवर हात ठेवून. म्हणाली, "घरातल्या गादीपेक्षा बरी आहे." बाकी काही बोलली नाही.

घ्यावी का? रोजचा धंदा असेल आणि घरात कुणीतरी गोंदाचा डबा हातात घ्यायला तयार असेल तर घ्या. दुरुस्तीला बाहेर पाठवायची म्हणाल तर नका घेऊ, हंगामातले दिवस त्यातच जातील. आम्ही दुसरी घेतोय दिवाळीनंतर, पीव्हीसीचीच, पण आडव्या ट्यूब दोरीने ओवलेल्या हव्यात, चिकटवलेल्या नकोत, आणि बिलावर "व्यावसायिक वापरासाठी" असं लिहून घेणार.

जुनी बादलीवाली नानांनी विकली नाही. तळाचं कापड कापून गोठ्याच्या पश्चिमेच्या कुडाला बांधलंय, यंदाचा सगळा पाऊस तिने अडवला. त्यावर नानांनी केव्हातरी मारलेले सात पॅच आहेत. मी परवा नखाने एक उचकटून पाहिला. निघाला नाही.