मांजर-कुत्र्यासह घर हलवताय? या टेम्पोवाल्यांना जरूर विचारा

सांगलीच्या विश्रामबागेतून साताऱ्याला शाहूपुरीत बिऱ्हाड हलवलं. सोबत मनी मांजर आणि म्हातारा मोती. जनावर आहे म्हटलं की बरेचजण "पिंजरा मागं सामानात टाका" म्हणतात. बंद टेम्पोत, उन्हात? जिवाशी खेळ आहे तो. मार्केट यार्डाजवळच्या या दादांनी मात्र फोनवरच विचारलं, "ताई, मांजर घाबरट आहे का? मग तिची खोली शेवटी रिकामी करू." मी तिथंच काम पक्कं केलं.

बोलल्याप्रमाणे केलंही. मनीच्या खोलीला कडी घालून दारावर खडूनं ठळक लिहिलं, 'उघडू नका'. टेम्पोमागं त्यांचीच ओम्नी होती. तिच्या सीटवर मनीची बास्केट पट्ट्यानं आवळली, वर तिचीच जुनी चादर टाकली. आष्ट्यापर्यंत तिचं रडगाणं चालू होतं, पेठ नाक्याला हायवे लागल्यावर गप्प झाली. कराडच्या पुढं मोतीला पाणी पाजायला थांबले, तेही दार उघडण्याआधी साखळी हातात आहे ना हे बघून.

साताऱ्यात पहिल्यांदा एक खोली लावून दिली. न धुतलेलं अंथरूण, शी-शूसाठी माती भरलेला ट्रे, पाणी. ओळखीचा वास असला की मांजर लवकर स्थिरावतं.

गाडी सकाळी उशिरा आली आणि हमाली वेगळी घेतात, ते आधी ठरवून घ्या. रेबीजच्या लसीचं कार्ड सामानात न बांधता पर्समध्ये ठेवा. मांजराला दोन-तीन आठवडे तरी बाहेर सोडू नका, ते जुन्या घराच्या ओढीनं निघून जातं.