ट्रान्समचे पैसे घेतले आणि आत कुजकं लाकूड तसंच ठेवलं

गेल्या नोव्हेंबरात खांदेरीच्या पश्चिमेला आम्ही सुरमईसाठी ट्रोलिंग करत होतो, म्हणजे चालत्या बोटीमागे गळ ओढत होतो. लाटा फार नव्हत्या. तांडेलकाका सुकाणावर होते, मी मागे रॉडजवळ उभा. इंजिनाकडे सहज नजर गेली, तर प्रत्येक लाटेला ते मागेपुढे डुलत होतं. इंजिन एकटं नव्हे, ज्या फळ्यावर ते बसवलंय तो फळाच डुलत होता. वरच्या कोपऱ्यात केसासारखी चीर गेली होती आणि खालच्या बोल्टातून चहाच्या रंगाचं पाणी झिरपत होतं. बोटीत माझा १२ वर्षांचा भाचा होता. सगळ्यांच्या अंगात लाइफ जॅकेट होतं, एवढीच जमेची बाजू. काकांनी वेग उतरवला आणि काहीही न बोलता बोट मांडव्याच्या दिशेने वळवली. तिथे पोहोचेपर्यंत माझं लक्ष त्या चिरेवरून हललं नाही.

हाच फळा, म्हणजे ट्रान्सम, आणि तळातल्या लांब आधारपट्ट्या, म्हणजे स्ट्रिंगर, पूर्ण नवीन करण्याचे २ लाख १० हजार रुपये आम्ही दीड महिन्यापूर्वी चुकते केले होते. मुंबईत जुनी फायबरची बोट घेऊन ती हौसेने उभी करणारे हल्ली बरेच जण आहेत. त्यांच्यातल्या कोणावर ही वेळ येऊ नये म्हणून सगळं लिहितोय. ज्याने हे काम घेतलं त्या माणसाचं आणि यार्डाचं नाव लिहीत नाही, कारण तक्रार चालू आहे.

बोट २४ फुटी, सेंटर कन्सोल, म्हणजे सुकाणू मधोमध असलेली, अमेरिकी बनावटीची. अशा बोटींच्या ट्रान्समवर बाहेरून उजव्या बाजूला वर १२ अक्षर-आकड्यांचा नंबर कोरलेला असतो. शेवटचे दोन आकडे मॉडेलचं वर्ष सांगतात. आमच्या बोटीवर ते ९८ होते. मागे १५० एचपीचं टू-स्ट्रोक इंजिन, वजन २०० किलोच्या आसपास. लहानपणी बाबांबरोबर वरळीच्या कठड्यावरून गळ टाकायचो तेव्हापासून अशी बोट मनात होती. धाकट्या बहिणीचा नवरा आणि मी, दोघांनी निम्मे निम्मे पैसे घातले. मे महिन्यातल्या उधाणाच्या भरतीला बोट वर घेतली आणि तीन ठिकाणांहून बोटीच्या सगळ्या कामाचं अंदाजपत्रक मागवलं. एकाने ४ लाख १० हजार सांगितले, दुसऱ्याने ८ लाख २५ हजार, या माणसाने ५ लाख ८० हजार. स्वस्तात काम करून देणाऱ्यापासून आम्ही लांबच राहिलो होतो, तरी फसलो.

त्याने विश्वास कसा मिळवला, ते नीट सांगतो, कारण सगळी मेख तिथे आहे. पहिल्या दिवशी तो प्लास्टिकची हातोडी घेऊन आला. ट्रान्समवर वरून खाली ठोकत गेला. वर टणटण आवाज येत होता, ड्रेनच्या भोकाजवळ तो ठप्प झाला. ‘ऐकताय ना?’ म्हणाला. मग आतल्या बाजूने बारीक ड्रिल मारलं. भुसा पांढरा-पिवळा आणि कोरडा निघाला तर लाकूड चांगलं. आमचा भुसा काळपट, ओला, चिखलासारखा निघाला. इंजिन वर उचलून खालचं टोक धरून त्याने दाबलं, तेव्हा फळा किंचित वाकला. कारणही बरोबर सांगितलं. कोणीतरी आधी इको साउंडरचा, म्हणजे पाण्याची खोली दाखवणाऱ्या यंत्राचा, सेन्सर लावताना स्क्रूची भोकं सीलंटशिवाय सोडली होती. त्यातून पाणी आतल्या प्लायवूडमध्ये गेलं. खाऱ्या पाण्यापेक्षा पावसाचं गोडं पाणी लाकूड जास्त लवकर कुजवतं, आणि मुंबईत चार महिने उघड्यावर पडलेल्या बोटीत ते साचूनच राहतं.

यातला शब्द न् शब्द खरा होता. त्याने दुखणं अचूक सांगितलं म्हणून इलाजही तोच करेल असं आम्ही धरून चाललो. ज्याला रोग कळतो त्याला रोग कुठे झाकायचा हेही कळतं, हा विचार तेव्हा मनाला शिवला नाही.

पैसे टप्प्याटप्प्याने द्यायचे ठरले. ४० टक्के आगाऊ, ३० टक्के कुजलेलं लाकूड काढल्यावर, २० टक्के नवीन प्लाय आणि फायबर मारून झाल्यावर, उरलेले १० बोट ताब्यात घेताना. कागदावर हे अगदी शहाणपणाचं वाटतं. पण मधले दोन्ही टप्पे आम्ही व्हॉट्सअ‍ॅपवरच्या फोटोंवर सोडले. जून-जुलैच्या पावसात रोज मुंबईच्या पूर्व किनाऱ्यावर, यार्डात जाणं दोघांच्याही नोकरीत जमेना. दोनदा कळवून गेलो, तेव्हा ताडपत्री बांधलेली होती. ‘ओलावा लागला तर रेझिन नीट सुकत नाही, उघडू नका,’ असं सांगितलं. हेही खरंच आहे, ओल्या लाकडावर फायबर धरत नाही. त्याच कारणाने जुलैच्या दमट हवेत हे काम उघड्या शेडमध्ये काढायलाच नको होतं, हे मात्र तो बोलला नाही.

७ जुलैला फोटो आले. ट्रान्सम आतून पूर्ण खरवडलेला, नवीन प्लाय बसवलेला, वर मॅटचे, म्हणजे रेझिनमध्ये भिजवून बसवायच्या काचतंतूंच्या चादरीचे, थर. आम्ही खूश होऊन १ लाख १६ हजार पाठवले, तेही त्याच्या साइटवरच्या एका पोराच्या यूपीआयवर, कारण ‘माझ्या खात्याची लिमिट संपली.’

नोव्हेंबरात ते फोटो पुन्हा उघडले तेव्हा घरातल्या माणसांसमोर मला बोलता येईना. एका फोटोत मागे धक्का दिसतो. धक्क्यावर मच्छीमार बोटींत बर्फ भरणं चाललंय, टोपल्यांतून म्हावरं उतरतंय. आपल्याकडे १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना मासेमारी बंद असते. ७ जुलैला मुंबईत सगळ्या बोटी किनाऱ्याला शाकारून ठेवलेल्या असतात. शिवाय बाहेरून काढलेल्या फोटोत ट्रान्समच्या उजव्या कोपऱ्यात नंबरच नाही. ती बोट आमची नव्हती. माझं निम्मं आयुष्य कोळीवाड्याच्या शेजारी गेलंय आणि मला हे जुलैत दिसायला हवं होतं.

मांडव्याहून परत आल्यावर बोट वर घेतली. काकांनी बोटाने चार ठिकाणी ठोकलं आणि म्हणाले, ‘वरशी चकचकीत हाय, पन आतशी सरलीय ती.’ त्यांच्या ओळखीच्या फायबरवाल्याने आमच्यासमोर आतून ग्राइंडर मारला. आम्ही व्हिडिओ चालू ठेवला होता. वर जेलकोट, म्हणजे वरचा चकचकीत थर, सुरेख. त्याखाली पाच-सहा मिलिमीटर पुट्टी. त्याखाली मॅटचा एकच थर. आणि त्याखाली तेच १९९८ सालचं प्लायवूड, इतकं भिजलेलं की चमच्याने उकरून निघत होतं. पाहणीच्या दिवशी पाडलेलं ड्रिलचं भोकसुद्धा जिथल्या तिथे होतं, वरून पुट्टीने बुजवलेलं. स्ट्रिंगर जिथे पोकळ झाले होते तिथे खिडक्यांच्या फटीत मारतात तो डब्यातला पिवळा फोम फवारलेला. २०० किलोचं इंजिन आणि त्याची सगळी रेटणारी ताकद त्या लगद्यावर उभी होती. भाचा त्याच्यापासून चार फुटांवर बसला होता.

मग बिलं काढून बसलो. फायबरवाल्याने नुसती नजर टाकली आणि एका ओळीवर बोट ठेवलं: मॅट ६० किलो, रेझिन ५० किलो. हाताने मॅट मारताना मॅटच्या वजनाच्या दुप्पट ते अडीचपट रेझिन लागतं. ६० किलो मॅट खरोखर वापरली असती तर १२० ते १५० किलो रेझिन बिलात दिसलं असतं. ५० किलो रेझिनमध्ये तेवढी मॅट भिजतच नाही. म्हणजे बिल मनाने लिहिलेलं. वर छापलेला १५ अंकी-अक्षरी जीएसटी नंबर २७ ने सुरू होणारा, महाराष्ट्राचाच, पण जीएसटीच्या पोर्टलवर टाकला तर भलत्याच धंद्याच्या नावावर निघाला. हे तपासायला दोन मिनिटं लागतात आणि लॉगिनही लागत नाही. ‘मरीन प्लाय, आयएस ७१०’ असंही लिहिलं होतं. आयएस ७१० हे मरीन प्लायचं भारतीय मानक. खऱ्या आयएस ७१० प्लायवर आयएसआयचा शिक्का आणि सीएम/एल ने सुरू होणारा परवाना क्रमांक असतो, तो बीआयएस केअर अ‍ॅपवर पडताळता येतो. बसवण्याआधी प्लायचा शिक्का दाखवा एवढं जरी आम्ही म्हटलं असतं तरी दाखवायला त्याच्याकडे प्लाय नव्हता.

बाकीच्या गोष्टी रकमेने लहान आहेत, पण वृत्ती तीच. रॉड होल्डर आणि वरच्या छताच्या पाइपला ३१६ स्टेनलेसचे पैसे घेतले, लावलं ३०४. ३१६ मध्ये २ ते ३ टक्के मॉलिब्डेनम असतं, त्यामुळे ते खाऱ्या हवेत टिकतं. ३०४ वर तीन आठवड्यांत तांबूस डाग आले. लोहचुंबकाने यातला फरक कळत नाही, त्यासाठी थेंब टाकून पाहायचं टेस्टिंगचं द्रावण मिळतं. वायर टिन केलेली, म्हणजे कथिलाचा मुलामा दिलेली, सांगितली होती. टिन केलेल्या तारेचं टोक कापलं की आतले धागे चंदेरी दिसतात. आमचे लाल होते, आणि दोन कनेक्शनांशी काळे-हिरवे पडायला लागले होते. इंजिनाचं लोअर युनिट, म्हणजे पाण्यात राहणारा प्रोपेलरचा खालचा भाग, तोही बदललाय याची मला खात्री आहे. आमच्या युनिटच्या तळाच्या पात्याला टवका उडालेला होता. परत आलं त्याला टवका नाही आणि नव्या काळ्या रंगाखाली खरवडलं तर वेगळाच राखाडी रंग. पण आधीचे फोटो आणि सिरियल नंबर मी नोंदवून ठेवले नव्हते, त्यामुळे हे सिद्ध करता येणार नाही. इंजिन सर्व्हिसिंगला देण्याआधी सिरियलची पट्टी, लोअर युनिट, प्रोपेलर यांचे जवळून फोटो काढा आणि कॉम्प्रेशनचे, म्हणजे सिलिंडरमधल्या दाबाचे, आकडे सिलिंडरनिहाय लिहून घ्या.

त्या माणसाला फोन केला तेव्हा तो आधी म्हणाला, ‘तुम्ही बोट आपटली असणार.’ व्हिडिओ पाठवल्यावर, ‘कारागिराने केलं असेल, मी बघतो.’ मग फोन उचलणं बंद. पोलीस ठाण्यात पहिल्यांदा हा दिवाणी मामला आहे असं ऐकायला मिळालं. दुसऱ्यांदा वकिलांबरोबर गेलो, दुसऱ्याच बोटीचे फोटो आणि खोट्या जीएसटी नंबरचं बिल समोर ठेवलं, तेव्हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ खाली, म्हणजे फसवणुकीचा, अर्ज घेतला गेला. नुसतं ‘काम वाईट केलं’ म्हणून गेलात तर कोणी दाद देत नाही. काम झालंच नाही आणि खोटा पुरावा दाखवून पैसे घेतले, हे कागदाने दाखवावं लागतं.

जिल्हा ग्राहक आयोगातही तक्रार दाखल केली आहे. मोबदल्याची रक्कम ५० लाखांपर्यंत असेल तर तिथेच जाता येतं, ५ लाखांपर्यंत शुल्क नाही, आपण राहतो त्या जिल्ह्यात दाखल करता येते, आणि मुदत दोन वर्षांची. बोट स्वतःच्या हौसेसाठी आहे हे आम्हाला उपयोगी पडतंय. तुम्ही ती भाड्याने गिऱ्हाइकांना फिरवत असाल तर समोरचा ‘व्यापारी वापर’ म्हणून हरकत घेऊ शकतो, तेव्हा वकिलांशी आधी बोला. व्हॉट्सअ‍ॅपचे संदेश ज्या फोनवर आले तो फोन विकू नका, फॉरमॅट करू नका. ‘ट्रान्सम पूर्ण नवीन’ हे त्याचं स्वतःचं वाक्य माझ्याकडे आहे, तारखेसकट.

आता काम पुन्हा चालू आहे, काकांच्या ओळखीच्या त्याच फायबरवाल्याकडे. पावसाळा संपल्यावर, कोरड्या हवेत. ट्रान्सम उघडा असताना मी, मेव्हणा आणि काका तिघेही हजर होतो. उघड्या फळ्यावर चिकटपट्टी लावून तिच्यावर त्या दिवशीची तारीख आणि बोटीचा नंबर हाताने लिहिला आणि मगच फोटो काढले. निघालेलं सगळं जुनं लाकूड गोणीत भरून घरी आणलं. नवीन प्लाय आम्ही स्वतः विकत घेतला, रेझिनचे डबे मोजून दिले, रिकामे डबे परत मोजले. फायबरवाल्याला याचा राग आला नाही. उलट पहिला थर मारण्याआधी त्यानेच फोन करून बोलावलं. बुजवण्याआधी मालकाने हात लावून बघावं असं त्याचं म्हणणं. पैसे त्याच्या स्वतःच्या खात्यावर जातात, आणि फक्त हाताने बघितलेल्या कामाचे जातात.

त्या गोणीतला एक तुकडा आयोगापुढे दाखवायला हवाबंद डब्यात ठेवलाय. बोट वर काढून पाच महिने होत आले तरी डब्याच्या झाकणाला आतून दव धरतं.

तुमच्यापैकी कोणी मुंबईत किंवा उरण-अलिबागच्या बाजूला जुनी फायबर बोट घेत असेल किंवा कामाला टाकलेली असेल, तर बुजवण्याआधी मला बोलवा. रविवारी मी मोकळा असतो. हातोडी आणि बारीक ड्रिल घेऊन येईन, काकांनाही घेऊन येईन.