महाधमनीचा फुगा: पोट उघडून शिवायचा की आतून स्टेंट ग्राफ्ट?

पोटातली महाधमनी फुग्यासारखी फुगते, त्याला एन्युरिझम म्हणतात, आणि तो साधारण ५.५ सेंटिमीटरपर्यंत गेला की डॉक्टर दोन वाटा सांगतात. एक म्हणजे पोट उघडून त्या जागी कृत्रिम नळी शिवायची. दुसरी, जांघेतल्या रक्तवाहिनीतून मिटलेला स्टेंट ग्राफ्ट, म्हणजे धातूच्या जाळीचा आधार असलेली कापडी नळी, वर सरकवून आत उघडायचा, पेशंट काही दिवसांत घरी. ऐकल्यावर पहिली कोण निवडेल सांगा!

पण ब्रिटनची ईव्हार-१ ट्रायल बघा. १९९९ ते २००४ मध्ये १,२५२ पेशंट घेतले, पहिल्या ३० दिवसांत ओपनमध्ये ४.३ टक्के दगावले आणि स्टेंटमध्ये फक्त १.८. इथवर स्टेंट जिंकला की! मग दोनेक वर्षांत तो फायदा विरला आणि ८ वर्षांनंतर तर उलटंच झालं, स्टेंटवाल्यांमध्ये मृत्यू जास्त. कारण फुगलेली भिंत तिथेच असते ना, ग्राफ्ट सरकला किंवा कडेने रक्त आत शिरलं, म्हणजे एंडोलीक, की ती परत फुगते, कधी फुटतेही. म्हणून स्कॅन आयुष्यभर. शिवलेली नळी बहुतेकदा बसली की बसली, तिची कटकट म्हणजे पोटाच्या टाक्यातून येणारा हर्निया.

अमेरिकेतल्या माजी सैनिकांवरच्या ओव्हर ट्रायलमध्ये मात्र दोघांचं जगणं शेवटी सारखंच निघालं, त्यामुळे स्टेंटला शिव्या नकोत.

मला विचाराल तर साठीचा धडधाकट माणूस असेल तर ओपन. ऐंशीच्या आजोबांना पोट उघडणं झेपणार नसेल तर स्टेंट, आणि स्कॅनची तारीख कॅलेंडरवर लाल पेनाने लिहून ठेवायची.