भंगारातल्या सामानाचे घरगुती लेथ: आठ महिन्यांच्या वापरानंतर

लाकूड गरगर फिरवून पटाशीने कातण्यासाठी घरी तयार केलेले माझे यंत्र, म्हणजे लेथ, आता आठ महिने नियमित वापरात आहे. या काळात त्यावर कानशी आणि पटाश्यांच्या मुठी, स्टुलांचे पाय, खुंट्या आणि अलीकडे काही लाकडी वाट्या कातून झाल्या. यंत्राच्या खोडी तीन-चार महिन्यांनंतरच बाहेर येतात, म्हणून हा अनुभव मुद्दाम थांबून लिहीत आहे.

बेडसाठी, म्हणजे सगळे ज्यावर बसते त्या आडव्या पायासाठी, जुन्या दाराच्या चौकटीतले दोन सरळ, पूर्ण वाळलेले वासे मध्ये फट ठेवून समांतर जोडले आहेत. हेडस्टॉकमध्ये, म्हणजे लाकूड फिरवणाऱ्या बाजूला, २० मिलिमीटर जाडीचा शाफ्ट दोन पेडेस्टल (पायावर बोल्टने बसणाऱ्या) बेअरिंगांत फिरतो. लाकडाला समोरून टोकाने आधार देणारा टेलस्टॉक म्हणजे एक लाकडी ठोकळा असून त्यात बसवलेल्या नटांमधून १६ मिलिमीटरचा आटे पाडलेला रॉड पुढेमागे सरकतो. या आट्यांचा पिच (दोन आट्यांमधले अंतर) २ मिलिमीटर असल्यामुळे मूठ एकदा पूर्ण फिरवली की टोक तेवढेच पुढे जाते, आणि लाकडावरचा दाब हाताला नीट कळतो.

मोटर सेमी-ऑटोमॅटिक वॉशिंग मशीनमधली, कपडे धुण्याच्या टबाची आहे. ५० हर्ट्झच्या विजेवर ती मिनिटाला सुमारे १४०० फेरे देते. तिच्यात दोन सारखी वाइंडिंग (तारेची वेटोळी) असतात आणि कपॅसिटरच्या, म्हणजे वीज साठवणाऱ्या भागाच्या, कोणत्या बाजूला वीज दिली त्यावर फिरण्याची दिशा ठरते. पहिल्या जोडणीत माझ्याकडून ती उलटी लागली. शाफ्टच्या टोकाला उजवे आटे असल्यामुळे मोटर सुरू होताच फेसप्लेट (लाकूड जिच्यावर स्क्रूने बसवतात ती चकती) स्वतःहून सैल होऊ लागली, आणि लाकूड सुटून येण्याआधी ते लक्षात आले हे माझे नशीब. लाकडाचा वरचा भाग कातणाऱ्याच्या अंगावर येत असेल तर दिशा बरोबर आहे. मग पटाशीचा जोर फेसप्लेटला घट्टच करत राहतो. तारा बदलण्यापूर्वी प्लग काढलेला असावा आणि कपॅसिटरमधला साठा उतरवून घ्यावा, कारण बटण बंद केल्यावरही तो जोरदार झटका देऊ शकतो.

ताकद मला एकदाही कमी पडली नाही. पटाशी अडकली तर मोटरपासून शाफ्टकडे येणारा पट्टा घसरतो, आणि ते सोयीचेच आहे. वेगाचा विचार मात्र करावा लागतो. २०० मिलिमीटर व्यासाची वाटी १४०० फेऱ्यांवर लावली तर तिची कड मिनिटाला जवळजवळ ८८० मीटर धावते, आणि तेवढ्या वेगात कच्च्या, असमतोल लाकडाने अख्खा बेड नाचू लागतो. मोटरवर लहान आणि शाफ्टवर तिच्या दुप्पट व्यासाची पुली बसवून मी वेग निम्म्यावर आणला. मोठे काम त्यावरच सुरू करतो. बेडच्या खालच्या फळीवर वाळूची पोती ठेवल्यावर थरथर आणखी कमी झाली.

आता ज्या गोष्टीने मला सर्वांत जास्त शिकवले त्याकडे येतो. बांधताना हेडस्टॉक आणि टेलस्टॉकची टोके अगदी एकमेकांना भिडत होती. पाचव्या महिन्यात टेलस्टॉकमध्ये ड्रिल धरून फिरत्या मुठींना भोके पाडू लागलो तेव्हा ते सुरुवातीलाच भरकटू लागले आणि भोक तोंडाशी मोठे होऊ लागले. टोके जवळ आणून पाहिली तर टेलस्टॉकचे टोक जवळपास एक मिलिमीटर वर गेलेले होते. दोन टोकांमध्ये लाकूड धरून कातताना हा दोष जाणवलाच नव्हता, कारण पटाशी हातात असते आणि गोलाई फिरण्याच्या अक्षाप्रमाणेच येते. मी आधी बोल्ट तपासले, मग बेडवर पाणसळ ठेवून पाहिली. दोन्ही ठीक होते. कारण ठोकळ्यातच होते. त्याचे रेषे मी आडवे ठेवले होते. लाकूड ओलाव्याने रेषांच्या आडव्या दिशेने फुगते, लांबीच्या दिशेने जवळजवळ नाहीच. त्यामुळे हवा दमट झाली तशी ठोकळ्याची उंची वाढत गेली. हेडस्टॉकच्या बेअरिंगांखाली लोखंडी चॅनेल असल्याने ते जागचे हलले नव्हते. नवा ठोकळा रेषे उभे ठेवून केला, टोकाच्या बाजूंना तेल मुरवले, आणि गेल्या तीन महिन्यांत टोके एकमेकांपासून हललेली नाहीत. हेडस्टॉक लोखंडावर आणि टेलस्टॉक लाकडावर बसवणाऱ्या प्रत्येकाने ही एक गोष्ट आधीच करावी, असे मी आग्रहाने सांगेन.

दुसरी दुरुस्ती शाफ्टची. टेलस्टॉकच्या दाबाने तो हळूहळू मागे सरकत होता, कारण बेअरिंगचे बारीक स्क्रू गुळगुळीत शाफ्टवर पकड घेत नव्हते. त्या जागी कानशीने छोटे सपाट भाग केले आणि पुढच्या बेअरिंगच्या टोकाकडच्या बाजूला एक कॉलर (शाफ्टवर आवळायचे कडे) घट्ट बसवली.

मोटर भुशापासून वाचावी म्हणून मी तिला बंद पेटीत ठेवली होती, पण अर्ध्या तासात तिला हात लावता येईना. आता ती बेडच्या मागे, खालच्या बाजूला उघडी आहे आणि मध्ये नुसती तिरकी फळी आहे. वीज जाऊन परत आल्यावर यंत्र आपोआप सुरू होणार नाही असे स्विच पहिल्या दिवसापासून लावावे. मी ते दुसऱ्या महिन्यात लावले. जुन्या कानशींच्या पटाश्या करून पाहू नयेत, कानशीचे पोलाद ठिसूळ असते आणि अडकताच तुकडे उडू शकतात. हायस्पीड स्टीलच्या तीन चांगल्या पटाश्यांवर झालेला खर्च मला एकदाही जड वाटला नाही.

धातूच्या कामासाठी हे लेथ नाही, त्यासाठी लागणारा ताठरपणा लाकडी बेडमध्ये येत नाही. सेंटरची, म्हणजे टोकांची, बेडपासूनची उंची १५० मिलिमीटर असल्याने ३०० मिलिमीटर व्यासाचे लाकूड कागदावर बसते, पण २२० च्या पुढे मी जात नाही. तिथून पुढे बेअरिंगांचा आवाज बदलतो आणि तो मला पटत नाही. आता टूल रेस्ट (पटाशी टेकवायचा आधार) नव्याने करायला घेतला आहे, कारण सध्याचा लोखंडी अँगल कडेला वाकलेला असून लांब पाय कातताना पटाशी नेमकी तिथेच अडते.