अलकापुरीतील परदेशवास सल्लाकेंद्र : सिंगापूरचा पी.आर. आणि मुलाची सैन्यसेवा

परदेशात स्थायिक होण्याबाबत सल्ला देणारी कार्यालये वडोदऱ्यात, विशेषतः अलकापुरी आणि सयाजीगंज भागात, पुष्कळ आहेत. अर्ज मंजूर कसा होईल हे सगळेच सांगतात. मंजुरीबरोबर कुटुंबावर कोणते बंधन येते, हे सांगणारे थोडेच. सिंगापूरला नोकरी करणारे माझे मेहुणे व बहीण यांच्याबरोबर, तिथल्या पी.आर.च्या (कायमस्वरूपी वास्तव्याच्या दर्जाच्या) चौकशीसाठी, मी ज्या केंद्रात गेलो, ते या थोड्यांपैकी निघाले. त्यांचा मुलगा अकरा वर्षांचा असल्यामुळे हा प्रश्न टाळण्यासारखा नव्हता.

मराठीतच बोलणाऱ्या सल्लागारांनी फॉर्म पुढे करण्याआधी बहिणीला सांगितले, ‘‘ताई, मुलाचं नाव अर्जात घालायचं की नाही ते आधी ठरवा, बाकीचं नंतर बोलू.’’ मेहुण्यांसारख्या, नोकरीच्या आधारे पी.आर. मिळवणाऱ्या मुख्य अर्जदाराला तिथल्या सक्तीच्या राष्ट्रीय सेवेतून, म्हणजे मुख्यतः सैन्यातील सेवेतून, सूट असते. मात्र वडिलांच्या अर्जातून पी.आर. झालेल्या मुलाला साडेसोळाव्या वर्षी नोंदणी आणि अठरानंतर दोन वर्षांची पूर्णवेळ सेवा करावी लागते. पुढे राखीव दलात वर्षागणिक बोलावणी येतात. सर्वसाधारण शिपायासाठी हे दायित्व चाळिशीपर्यंत, अधिकाऱ्यासाठी पन्नाशीपर्यंत चालते. बारावीच्या तोडीच्या शिक्षणासाठी किंवा पॉलिटेक्निकसाठी मुदतवाढ मिळते, विद्यापीठातील पदवीसाठी सहसा मिळत नाही, हे ऐकून मेहुण्यांचा चेहरा उतरला.

या सक्तीमागचे कारणही सल्लागारांनी थोडक्यात सांगितले, आणि मला तो भाग सर्वांत मोलाचा वाटला. १९६५ मध्ये मलेशियापासून वेगळे झालेल्या या छोट्या देशाकडे तेव्हा पायदळाच्या अवघ्या दोन तुकड्या होत्या. संरक्षणाचा मोठा भार ब्रिटिश सैन्यावर होता आणि तेही माघारी जाण्याच्या विचारात होते. म्हणून १९६७ मध्ये कायद्यात दुरुस्ती करून सक्तीची सेवा आणली गेली. स्वेच्छेच्या भरतीवर चाललेल्या आपल्या सैन्याची सवय असलेल्या माणसाला हे पार्श्वभूमीशिवाय पटत नाही.

पर्यायांबद्दल त्यांनी आडपडदा ठेवला नाही. पोलीस दल किंवा नागरी संरक्षण दलातही राष्ट्रीय सेवा करता येते, परंतु कोणाला कोठे धाडायचे हे सरकार ठरवते. श्रद्धेमुळे शस्त्र न घेणाऱ्यांसाठी वेगळी नागरी सेवा नाही; १९७२ मध्ये जिहोवाज विटनेसेस या ख्रिस्ती पंथाची नोंदणी रद्द झाली आणि सेवा नाकारणाऱ्या त्याच्या तरुणांना लष्करी कोठडीत जावे लागते. न सांगता टाळल्यास दहा हजार सिंगापूर डॉलरपर्यंत दंड, तीन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकते. सेवा न करता पी.आर. सोडून दिल्यास मुलाच्या पुढील शिक्षण-नोकरीच्या अर्जांवर परिणाम होतो, आणि पालकांच्या परतीच्या परवान्याच्या (पी.आर. टिकवून देशाबाहेर जाऊन परत येण्याच्या परवान्याच्या) नूतनीकरणातही अडचण येऊ शकते. मुलाला अर्जाबाहेर, डिपेंडंट पासवर (नोकरदाराच्या कुटुंबीयांना मिळणाऱ्या राहण्याच्या परवान्यावर) ठेवण्याचा खरा मार्ग उरतो. त्याची किंमत म्हणजे सरकारी शाळेत परदेशी विद्यार्थ्याची जास्त फी आणि वय वाढल्यावर स्वतःच्या पासची चिंता.

उणिवा सांगायच्या तर, तेराव्या वर्षानंतर पी.आर. झालेल्या मुलाला दीर्घकाळ सिंगापूरबाहेर पाठवताना लागणारी परवानगी आणि प्रसंगी किमान ७५,००० सिंगापूर डॉलरचा बॉण्ड (मुलगा सेवेसाठी परत येईल याची आर्थिक हमी) यांबद्दल आम्ही विचारल्यावरच कळले. वडोदऱ्यात आजी-आजोबांकडे मुलाला शिकायला ठेवण्याचा विचार करणाऱ्या घराला ही माहिती आपणहून मिळायला हवी. लेखी टिपण फक्त इंग्रजीत दिले. स्वागतकक्षातील मुलीने तीन वेळा कॅनडाची माहितीपुस्तिका हातात ठेवली, ते निव्वळ त्रासदायक होते.

भेटीची फी इतर ठिकाणांपेक्षा जास्त आहे आणि अर्जाची फी निराळी. तरीही मुलगा असलेल्या कुटुंबाने मुलासह अर्ज करण्यापूर्वी भेटीची फी द्यावी, आणि शनिवारची वेळ टाळावी. त्या दिवशी विद्यार्थ्यांच्या गर्दीमुळे बोलणे घाईत उरकले जाते.